सुमनबाईंना खून कळेल, पण कसा? वाईच्या कादंबरीबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पहिलीच रहस्यकादंबरी. वाईतल्या 68 वर्षांच्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका सुमनबाई, शेजारच्या वाड्यातले आप्पा एका सकाळी मेलेले सापडतात, घरचे म्हणतात हार्ट अटॅक, बाई म्हणतात खून. 40 हजार शब्द झालेत आणि ज्यांनी ज्यांनी वाचलं ते सगळे म्हणतायत "छान आहे, पण पटत नाही". तुम्ही विचारलंय की पटवायचं कसं, आणि इन्स्पेक्टर जरा बावळट दाखवला तर चालेल का.

इन्स्पेक्टरचं आधी सांगून टाकते, नाही चालणार. बाकीचं जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी वीसेक वर्षं दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहितेय, त्यातल्या सात-आठ कथांत शोध घेणारी म्हातारी बाईच आहे, आणि मधल्या काळात लोकांची हस्तलिखितं वाचून द्यायचं कामही करते. तुमची तीन प्रकरणं वाचली. तुम्ही केलंय काय, तर सुमनबाईंना हुशार केलंय. प्रत्येक पानावर त्या हुशार. पण वाचकाला त्यांच्या हुशारीवर शंका नाहीच आहे हो, त्याची शंका वेगळी आहे: ह्या बाईंना ही माहिती मिळाली कुठून, आणि जे पोलिसांना दिसलं नाही ते ह्यांनाच का दिसलं? ह्या दोन गोष्टी जमल्या की बाई मठ्ठ असल्या तरी चालतील (नसाव्यात, पण चालतील).

शोध घेणाऱ्या ह्या सगळ्या म्हाताऱ्यांची मूळ बाई म्हणजे मिस मार्पल, तिच्याकडेच जाऊ. तशी ती पहिली नाही, अमेरिकेत अ‍ॅना कॅथरीन ग्रीन ह्या लेखिकेने 1897 सालीच अमेलिया बटरवर्थ नावाची चौकस प्रौढ बाई शोधकामाला लावली होती. पण छाप पडली ती मार्पलची. अ‍ॅगाथा ख्रिस्तीने तिला डिसेंबर 1927 मध्ये एका मासिकातल्या कथेत आणलं, 1930 मध्ये पहिली कादंबरी, मग एकूण 12 कादंबऱ्या आणि 20 कथा. तिचा जन्म कसा झाला तेही मजेशीर आहे. ख्रिस्तीच्या 1926 च्या रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या कादंबरीत डॉक्टरची बहीण आहे, कॅरोलाइन, लग्न न झालेली, घरात बसून अख्ख्या गावाची खबर ठेवणारी. 1928 मध्ये त्याचं नाटक झालं तेव्हा तिच्या जागी एक तरुण मुलगी घातली. ख्रिस्तीला ते फार लागलं, गावगाड्यात अशा बाईचं काय काम असतं हे तिला कळत होतं आणि नाटकवाल्यांना कळत नव्हतं. मार्पल कदाचित ह्या कॅरोलाइनमधूनच सुरू झाली असं तिने आत्मचरित्रात म्हटलंय. ईलिंगमधल्या आपल्या आजीच्या मैत्रिणीही तिच्या डोळ्यांसमोर होत्या.

आता ती 1927 ची पहिली कथा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे (शेवट सांगतेय, पण कथेला शंभर वर्षं होत आलीत, चालवून घ्या). एका घरात तिघं एकत्र जेवतात, बायको मरते, पोटात आर्सेनिक सापडतं. नवऱ्याने लिहिलेल्या पत्राचे काही शब्द टीपकागदावर उमटलेत, त्यात बायको मेल्यानंतरचं काहीतरी आणि "हंड्रेड्स अँड थाउजंड्स" असे शब्द. खोलीत बसलेले सगळे शहाणे, त्यात स्कॉटलंड यार्डचे माजी कमिशनर, वकील, पाद्री, लेखक, सगळे म्हणतात पैसा. शेकडो, हजारो. मार्पल विणत बसलेली असते. ती म्हणते जेवणात ट्रायफल (केक-कस्टर्डचं गोड) होतं ना? आणि ट्रायफलवर साखरेचे जे रंगीत बारीक दाणे टाकतात त्यांनाही तेच म्हणतात. विष त्या दाण्यांत होतं. संपलं.

ह्यात तिची बुद्धी कितीशी आहे? त्या खोलीत स्वयंपाकघराची भाषा येणारी ती एकटीच होती, एवढंच. बाकी सगळे तिच्याइतकेच हुशार होते, पण त्यांच्याकडे तो शब्द नव्हता.

तर सुमनबाईंकडे कुठला शब्द आहे? तुमच्या मसुद्यात मला एकही सापडला नाही. बाईंना मोबाइलचं लोकेशन बघून कळतं, सीसीटीव्हीवरून कळतं, हे सगळं पोलिसांना बाईंच्या आधी कळतं हो. तुम्हाला एक नमुना करून देते, वापरायचा तर वापरा. आप्पांच्या सुनेच्या वहीत एक ओळ सापडते, "मोहन तापलं की मग थांबायचं नाही". पोलीस मोहन नावाच्या माणसाच्या मागे, आणि आळीत एक मोहन असतोच, त्याचं आप्पांशी भांडणही झालेलं असतं. बाई ती ओळ बघतात आणि हसतात, कारण ते चकलीच्या भाजणीत घालायच्या कडकडीत तेलाचं मोहन आहे. आणि ह्यात लबाडी काहीच नाही, कारण "तापलं" लिहिलंय, "तापला" नाही. वाचकाच्या नाकासमोर नपुंसकलिंग ठेवलंय, तो घाईत वाचून गेला तर त्याचा दोष. म्हणून म्हणते, सुमनबाई गणिताच्या कशाला? मराठीच्या करा. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांतले अनुस्वार तपासलेल्या बाईला तो टिंब दिसणारच, आणि हवालदाराने तो पंचनाम्यात उतरवताना खाल्ला असला तर अजून मजा.

तसंच विरजण. थंडीत विरजण लागायला वेळ लागतो हे तुमच्या-माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे पण कुठल्या तपासात कोणी विचारत नाही. सून सांगते रात्री दहाला आप्पांना दूध दिलं, उरलेल्याला विरजण लावलं आणि झोपले. सकाळी सहाला पोलीस येतात, ओट्यावर पातेलं, त्यात घट्ट कवडी दही. जानेवारीत, वाईत, आठ तासांत? म्हणजे विरजण संध्याकाळीच लागलंय, म्हणजे दहाचं दूध कुठून आलं? पातेल्याचा फोटो पोलिसांकडे आहे, सगळ्यांनी पाहिलाय, वाचला कोणीच नाही. ह्या जातीचा पुरावा हवा. फक्त एक करा, ते पातेलं वाचकाला दोनदा दाखवा आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असताना.

आणि कृपा करून "बाईंना आतून वाटलं" हे काढून टाका. तीन प्रकरणांत चार वेळा आहे. 1930 च्या सुमारास लंडनमध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी डिटेक्शन क्लब काढला, ख्रिस्तीही त्यात होती, सभासद होताना शपथ घ्यावी लागायची की माझा डिटेक्टिव्ह दैवी साक्षात्कार, योगायोग असल्या गोष्टींवर अवलंबून राहणार नाही, आणि त्या यादीत बायकांची अंतःप्रेरणा पण होती. थोडं चिडायला होतं ते वाचून पण मुद्दा बरोबर आहे. मार्पलला "वाटत" नाही, तिला आठवतं. कोणी समोर आलं की तिला गावातला कोणीतरी तसाच माणूस आठवतो, नोकराणी, मासेवाला, पैसे दडवणारा कोणी, आणि त्यावरून ती ह्याचं वागणं ताडते. तिचं सेंट मेरी मीड एवढंसं खेडं, पण तिने माणसं एवढ्या वर्षांत एवढी पाहिलीत की नवीन कोणी राहिलंच नाही. सुमनबाईंकडे तर ह्याहून भारी साठा आहे, बॅचेस! चाळीस वर्षांच्या चाळीस बॅचेस. आप्पांचा पुतण्या गोड बोलतो तेव्हा बाईंना तो मुलगा आठवावा जो दुसऱ्याचं हरवलेलं कंपासपेटीतलं कर्कटक शोधायला सगळ्यात आधी पुढे यायचा, आणि कायम त्याच्याच बाकाखाली सापडायचं. असं एक आठवणं दहा अंतःप्रेरणांच्या बरोबरीचं आहे.

आता माहिती मिळण्याचा भाग, इथे मात्र आपली परिस्थिती इंग्लंडपेक्षा चांगली आहे आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी ती वापरलेली मला फारशी दिसत नाही.

घरात असा मृत्यू झाला की पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि प्रेताचा पंचनामा होतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 194. त्यात म्हटलंय की शेजारपाजारच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करायचा. शेजारच्या प्रतिष्ठित! निवृत्त शिक्षिका, सगळ्या आळीने पाय धरलेल्या, हवालदार स्वतः त्यांचा विद्यार्थी. "बाई, जरा पंच म्हणून सही करता का?" झालं, बाई कायदेशीररीत्या त्या खोलीत आल्या. तुमच्या मसुद्यात त्या रात्री मागच्या दाराने शिरतात, कशाला? दिवसाउजेडी पुढच्या दाराने न्या, आणि पोलिसांनीच बोलवू दे.

दुसरं त्याहून गोड आहे. साक्षीदार म्हणून पोलीस कोणालाही बोलवू शकतात पण बाईमाणसाला ती राहते त्या जागेशिवाय दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही, नव्या कायद्यात कलम 179, साठीपुढच्या पुरुषांनाही तेच लागू आहे. म्हणजे इन्स्पेक्टरला बाईंच्या ओसरीवर यावं लागतं. तिथे तो पाहुणा असतो, खुर्चीवर बसतो, त्याच्या हातात कपबशी येते, आणि चहा-पोहे खाताना माणूस जेवढं विचारतो त्यापेक्षा जास्त सांगून जातो. तुमचा पोलीस चौकीतला सहा पानांचा सीन आहे ना, तो उचलून ओसरीवर ठेवा, आपोआप सुधारेल.

ह्यावरून इन्स्पेक्टरकडे. ख्रिस्तीकडे स्लॅक नावाचा एक उर्मट इन्स्पेक्टर आहे, तो करमणुकीपुरता ठीक. पण जिथे कादंबरी चढते तिथे समोर क्रॅडॉकसारखा शहाणा अधिकारी असतो, जो म्हातारीचं ऐकतो कारण तिच्याकडून त्याला काहीतरी मिळतं. मूर्खाला हरवण्यात बाईंचं काय कौतुक? तुमच्या इन्स्पेक्टरला हुशार ठेवा आणि त्याचा वेळ काढून घ्या. कादंबरी जानेवारीत आहे, वाई तालुक्यात आहे, म्हणजे पौष पौर्णिमेची मांढरदेवीची काळूबाईची यात्रा आलीच. 25 जानेवारी 2005 ला तिथे चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्यानंतर त्या यात्रेचा बंदोबस्त कुठलाही अधिकारी हलक्यात घेत नाही. घरच्यांना शंका नाही, डॉक्टर म्हणतायत हार्ट अटॅक असू शकतो, माणूस ऐंशीचा, व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने) राखून प्रयोगशाळेत पाठवलाय त्याचा अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागणार, आणि इकडे डोंगरावर लाखो माणसं चढतायत. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? तो बावळट नाही, तो अडकलाय, आणि ह्या आठवड्यांच्या फटीतच तुमची कादंबरी घडते. तुमच्याकडे व्हिसेराचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी येतो. असं होत नाही, आणि झालं तर बाईंची गरजच उरत नाही.

विषाबद्दल एवढंच, ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या दवाखान्यात औषधं तयार करण्याचं काम केलं होतं त्यामुळे तिला ते सहज यायचं. आपल्याला येत नसेल तर परसातली कण्हेर, धोतरा एवढ्यावर थांबावं आणि प्रमाण, कृती असलं काही लिहूच नये. कोझी, म्हणजे अशा घरगुती, सौम्य रहस्यकथा वाचणाऱ्याला ते नकोही असतं, त्याला रक्त नको असतं, विव्हळणं नको असतं, त्याला आळी हवी असते.

आणि आळी तर तुम्हाला आयती मिळालीये! वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर वेगवेगळा होतो, प्रत्येक घाटाची आपली मंडळी, आपला मान, आपल्या जुन्या खुन्नस, महाप्रसादाच्या पंगती. तुम्ही त्याला दोन ओळी दिल्यात. संशयित सगळे एका पंगतीत बसवा ना, वाढपी म्हणून कोण आलं, कोणाचा मान ह्या वर्षी कोणाला गेला, कोण उपास नसताना जेवलं नाही. भाजी निवडायला बसलेल्या बायकांच्या गोलात जेवढी माहिती असते तेवढी कुठल्या कॉल रेकॉर्डमध्ये नसते. मार्पलचं विणकाम उगाच नाही, हात गुंतलेले आणि कान मोकळे, समोरचा विसरून जातो की ही ऐकतेय. आपल्याकडे वाती वळणं आहे. सुमनबाईंच्या हातात कापूस द्या.

वयाचं बोलायला हवं, कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडलेय. माझ्या पहिल्या कथेत मी सत्तरीच्या आजींना कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारायला लावली होती. अंक आल्यावर एका वाचकबाईंचं पोस्टकार्ड आलं, मला जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तुमच्या आजी कुठलं टॉनिक घेतात ते कळवावे. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. म्हातारपण म्हणजे पांढरे केस आणि चष्मा एवढंच ठेवलं तर ती तिशीतली बाई म्हाताऱ्याच्या वेषात फिरतेय असं वाटतं. ख्रिस्तीने काय केलं बघा. 1957 च्या पॅडिंग्टनच्या कादंबरीत मार्पलला माहीत आहे की प्रेत कुठल्यातरी बंगल्याच्या आवारात पडलंय पण ती काही झुडपांत वाकून शोधू शकत नाही, म्हणून ती ल्युसी आयलेसबॅरो नावाच्या अतिशय कर्तबगार मुलीला त्या घरात कामाला लावते. डोकं म्हातारीचं, पाय तरुणीचे. 1962 च्या कादंबरीत तर ती नव्या वसाहतीत फिरायला जाते आणि पडते, तिला उचलून घरात नेऊन चहा पाजणारी बाईच पुढे मरते. म्हणजे गुडघे दुखणं हा अडथळा नाही, तिथूनच गोष्टीत दार उघडतं. (ह्याच कादंबरीवर ऋतुपर्ण घोषने 2003 मध्ये बंगालीत "शुभ महूरत" केला, राखीने त्यातली पिशी (आत्या) केलीये, पुतणी बाहेर फिरून खबर आणते आणि पिशी घरात बसून उलगडते. मिळाला तर जरूर बघा, आपल्या घरांत हे कसं बसतं ते तिथे कळेल.) सुमनबाईंचे पाय कोण? मेडिकलवाला विद्यार्थी आहे, बँकेतली आहे, तहसीलमध्ये एक असेलच. भाचीला पुण्याहून आणायची गरज नाही, ती तशीही काही करत नाहीये.

हेतूबद्दल: तुमच्याकडे जुनं प्रेमप्रकरण आहे, चालेल, पण कच्चं वाटतं. मार्पलच्या गोष्टींत बहुतेक वेळा शेवटी पैसा असतो, मृत्युपत्र, वारसा. आपल्याकडे सातबारा आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आला, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत असंही नाही. तेव्हापासून किती घरांत भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवलं गेलं असेल विचार करा. पाचगणीच्या रस्त्याला लागून चार एकर, लेक सही करत नाही, आप्पा तिच्या बाजूला झुकलेत. मला तर एवढ्यावरच घाम फुटतो.

आणि शेवटचं प्रकरण. तुम्ही सगळ्यांना वाड्यात जमवलंय, बाई एकेकाकडे बोट दाखवतात, आणि पुतण्या इन्स्पेक्टरसमोर ढसाढसा रडून कबूल करतो. इंग्लंडमध्ये ठीक आहे. इथे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध कोर्टात वापरता येत नाही, जुन्या पुरावा कायद्यात कलम 25, आता साक्ष्य अधिनियमात 23. म्हणजे तुमच्या सगळ्यात जोरदार सीनची कोर्टात किंमत शून्य, आणि वाचकांत एखादा वकील असतोच. पण तेच तो बाईंसमोर बोलला, एकट्या बाईंसमोर, तर ते कोर्टात जाऊ शकतं. न्यायाधीश ते फार जपून बघतात, जोडीला दुसरा पुरावा लागतो, पण जातं. मग शेवट कसा होतो बघा: बाई इन्स्पेक्टरला सांगतात तू आज येऊ नकोस. पुतण्या ओसरीवर येतो, बाई वाती वळतायत, ओट्यावर विरजणाचं पातेलं आहे, आणि तो आपल्या जुन्या बाईंना "बाई" म्हणत सगळं सांगतो कारण ह्या म्हातारीचं कोण ऐकणार असं त्याला वाटतं. गर्दीचा सीन लिहून झाल्यावर हा लिहून बघा. मला हाच जास्त भीतीदायक वाटतो, एक थेंब रक्त न सांडता.

एक मात्र करा, ते विरजण खरंच लावून बघा. वाईतच, जानेवारीतच, घड्याळ लावून, पातेलं झाकून आणि उघडं ठेवून, दोन्ही. मी एकदा असाच पुरावा पुण्याच्या किचनमध्ये मे महिन्यात तपासला होता, आणि अंक छापायला गेल्यावर कळलं की माझी कथा डिसेंबरमधली आहे.